उमेदवाराचा शब्द आणि आमचें पुणें

निवडणुकीचे दिवस आले म्हणजे आमच्या या पुणें शहरांत हात जोडण्याची कला एकाएकीं भरभराटीस येते. एरवीं ज्यांच्या मोटारीची कांच खालीं होत नाहीं असे गृहस्थ दारांत वांकून उभे राहतात, आजींच्या पायां पडतात, मुलांचीं नांवें विचारतात, आणि जातांना एक रंगीत पत्रक हातांत ठेवून जातात. पत्रकावरची आश्वासनांची यादी गेल्या खेपेच्या यादीहून फारशी निराळी नसते. घरांतील मंडळी हंसतात, कागद रद्दींत जातो, आणि विषय तेथेंच संपतो. आमच्या मतें तो तेथें संपूं नये. उमेदवार काय बोलतो, कोणाशीं बोलतो, आणि त्याचें स्वतःचें आयुष्य त्या बोलण्याच्या पाठीशीं कितपत उभें असतें, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. आणि त्याचीं उदाहरणें शोधण्यास पुणेकरांस दूरदेशीं जाण्याचें कारण नाहीं.

मतें मिळविण्याची विद्या मात्र फार जुनी. इसवी सनापूर्वीं ६४ व्या वर्षीं रोम शहरीं सिसेरो हा कॉन्सलच्या जागेसाठीं उभा होता, तेव्हां त्याचा धाकटा भाऊ क्विंटस यानें त्यास लिहिलेलें म्हणून एक पत्र प्रसिद्ध आहे. तें खरोखर त्याचेंच कीं मागाहून कोणी रचलें, याविषयीं पंडितांत वाद आहे. परंतु त्यांतील सल्ला आजच्या कोणत्याहि प्रचारप्रमुखानें आपला म्हणून खपवावा असा आहे. लोकांचीं नांवें पाठ कर, दार उघडें ठेव, सर्वांस हवाहवासा वाट, आणि साफ नकार देण्यापेक्षां आश्वासन दिलेलें बरें, असा त्याचा आशय. याच्या अगदीं दुसऱ्या टोंकास १८७९-८० मधील ग्लॅडस्टनची मिडलोदियनची मोहीम. त्यानें स्कॉटलंडांतल्या एका मतदारसंघांत प्रचंड सभांपुढें परराष्ट्रनीति आणि राज्याचा जमाखर्च यांवर व्याख्यानें दिलीं. वर्तमानपत्रांनीं तीं सविस्तर छापलीं, आणि एका जागेचा उमेदवार सबंध देशाशीं बोलूं लागला. एकानें मतदारास ओळखण्याची विद्या सांगितली, दुसऱ्यानें मतदारास शहाणा समजून त्याच्याशीं बोलण्याची. आमच्याकडे पहिलीचा प्रसार अधिक झाला हें सांगावयास नकोच.

आमच्या देशांत निवडणूक आली ती आरंभीं फारच सोंवळ्यांत आली. १८९५ सालीं लोकमान्य टिळक मुंबईच्या कायदेकौन्सिलावर निवडून गेले, तेव्हां मत देणारे म्हणजे स्थानिक मंडळांचे मूठभर प्रतिनिधि. तेथें सभा कशाला आणि घोषणा कशाला? चार पत्रें, चार भेटी, आणि उमेदवाराविषयींचा आदर एवढ्यावर काम भागे. पुढें १९१९ च्या सुधारणांनीं मतदार वाढले, तरी मताचा हक्क मालमत्तेशीं व कराशीं बांधलेला होता; आणि अविभक्त हिंदु कुटुंबाच्या बाबतींत तर नियमच असा होता कीं, कुटुंब पात्र ठरल्यास मत द्यावयाचें तें त्याच्या कर्त्यानें. घरांत पंचवीस पानें वाढलीं जात असलीं तरी मत एक! मुंबई इलाख्यांत १९२१ सालीं स्त्रियांवरील बंदी उठली खरी. पण स्वतःच्या नांवावर मालमत्ता असलेल्या स्त्रिया कितीशा असणार? त्यामुळें त्या काळचा उमेदवार दिवाणखान्यांत येई, पानाचें तबक मध्यें ठेवून कर्त्या पुरुषाशीं बोले, आणि जाई. माजघरास त्याची वार्ता सायंकाळीं लागे.

त्याच काळांतील एक गोष्ट मात्र पुढल्या युगाची होती. एप्रिल १९२० मध्यें टिळकांनीं 'काँग्रेस डेमोक्रॅटिक पार्टी' या नांवाच्या पक्षाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. मुलगा-मुलगी हा भेद न करितां मोफत व सक्तीचें शिक्षण, मजुरांस योग्य किमान वेतन, रेल्वे राष्ट्राच्या मालकीची करणें, अशीं कलमें त्यांत होतीं. उमेदवार कोण हें ठरण्यापूर्वीं पक्षाचें म्हणणें कलमवार लिहून लोकांपुढें ठेवणें, ही रीत आज आपणांस साधी वाटते. तेव्हां ती साधी नव्हती. निवडणूक होण्याआधींच १ ऑगस्ट १९२० रोजीं टिळक निवर्तले, काँग्रेसनें कौन्सिलांवर बहिष्कार घातला, आणि जाहीरनामा कागदावरच राहिला.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत कर्त्याचें एक मत जाऊन घरांतील प्रत्येक जाणत्या माणसास आपापलें मत मिळालें. देशांतील सुमारें २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें त्या वेळीं याद्यांतून गळलीं, कारण त्यांनीं स्वतःचें नांव न सांगतां अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेंच सांगितलें होतें. यांतील बहुतेक उत्तरेकडील होत्या. पण आमच्याकडेहि नवऱ्याचें नांव उखाण्यावांचून न घेणाऱ्या बायकांची पिढी तेव्हां घरोघर होतीच. असो. उमेदवारास यापुढें माजघराच्या उंबऱ्यापर्यंत जाणें भाग पडलें, आणि त्याची भाषाहि बदलावी लागली.

आतां १९५७ कडे येऊं. उमेदवाराचा शब्द आणि त्याचें निशाण यांचें नातें काय असतें, हें त्या सालच्या पुण्याच्या लोकसभा निवडणुकीइतकें दुसऱ्या कोणत्याहि निवडणुकीनें उघड केलेलें आम्हांस ठाऊक नाहीं.

काँग्रेसतर्फें उभे होते काकासाहेब गाडगीळ. पुण्यास त्यांची ओळख करून देण्याचें कारण नव्हतें. १९२९ च्या पर्वती सत्याग्रहांत अस्पृश्यांस मंदिर खुलें व्हावें म्हणून ते पुढें होते. केशवराव जेध्यांस काँग्रेसमध्यें आणून ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाची धार बोथट करण्यांत त्यांचा हात होता. तुरुंगवास त्यांनीं भोगला होता, आणि १९४७ ते १९५२ पर्यंत नेहरूंच्या मंत्रिमंडळांत ते मंत्री होते. मुख्य गोष्ट ही कीं, ते संयुक्त महाराष्ट्राचे होते. मुंबईसह मराठी राज्य व्हावें ही बाजू त्यांनीं लोकसभेंत निर्भीडपणें मांडली होती. जानेवारी १९५६ मध्यें मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा निर्णय जाहीर झाला, आंदोलनांत शंभरावर माणसें गोळीबारास बळी पडलीं, चिंतामणराव देशमुखांनीं अर्थमंत्रिपद सोडलें, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं गुजराथसह द्वैभाषिक राज्य माथीं आलें. काकासाहेब काँग्रेसमध्येंच राहिले.

समोर उभे होते नारायण गणेश उर्फ नानासाहेब गोरे, प्रजासमाजवादी पक्षाचे आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचे. मे १९५५ मध्यें गोवामुक्तीच्या सत्याग्रहाची पहिली तुकडी घेऊन ते पोर्तुगीज हद्दींत शिरले होते. त्यांस दहा वर्षांची शिक्षा झाली होती. आणि १९५७ च्या फेब्रुवारींत, म्हणजे निवडणूक अगदीं दारांत आली असतां, ते सुटून आले. पुण्यानें गाडगिळांस पाडलें आणि गोऱ्यांस निवडून दिलें.

काकासाहेबांची योग्यता कमी होती म्हणून हें झालें, असें कोणी म्हणणार नाहीं. दोघेहि विद्वान, दोघेहि लेखक, दोघेहि वक्ते. थोरल्या पिढीस एकाची पुण्याई आठवली असेल आणि धाकटीस दुसऱ्याचा गोव्याचा तुरुंग. एकाच पंगतीस बसणाऱ्या बापलेकांचीं मतें त्या वर्षीं दोन पेट्यांत पडलीं असतील तर नवल नाहीं. आमच्या समजुतीनें सारा फरक एका शब्दाचा होता, आणि तो शब्द म्हणजे 'परंतु'. संयुक्त महाराष्ट्र हवा, परंतु काँग्रेस सोडूं नये. अन्याय झाला, परंतु तो आंतूनच दूर होईल, ही काकासाहेबांच्या बाजूची भूमिका होती. तींत अप्रामाणिकपणा नव्हता. राजकारण शांत चित्तानें पाहणारास तींत तथ्यहि दिसेल. पण ज्या गांवांत माणसें शोकानें आणि संतापानें भरलीं होतीं तेथें 'परंतु'च्या पलीकडील अर्धें वाक्य ऐकण्यास कोणी थांबेना. गोऱ्यांस वाक्य पुरें करावेंच लागलें नाहीं. समितीचें म्हणणें एका दमांत उच्चारतां येई: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. आणि तें उच्चारणारा माणूस नुकताच तुरुंगांतून आलेला होता.

येथें एक तपशील आजच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. त्या काळीं मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, तीवर त्याचें चिन्ह, आणि मतदारानें चिठ्ठी हव्या त्या पेटींत टाकावयाची. काँग्रेसची बैलजोडी सर्वत्र एकच. समितींत मात्र प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामकरी पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, जनसंघ, हिंदुमहासभा असे एकमेकांशीं उभा दावा असलेले पक्ष; प्रत्येकाचें चिन्ह निराळें, आणि आचार्य अत्र्यांसारखे कांहीं तर अपक्ष. म्हणजे घोषणा एक आणि पेट्या अनेक. कोणत्या मतदारसंघांत कोणत्या चित्रावर मत टाकावयाचें हें घरोघर समजावून सांगणारे कार्यकर्ते नसते, तर नुसत्या घोषणेनें कांहीं साधलें नसतें. शाहिरांच्या डफानें सभा भरली. परंतु चिठ्ठी योग्य पेटींत पडली ती दुपारीं ऊन्हांत जिने चढणाऱ्या पोरांमुळें. प्रचाराचा इतिहास लिहिणारे पहिल्याचें वर्णन भरपूर करितात, दुसऱ्याचें क्वचित.

इतक्या विरुद्ध प्रकृतीच्या मंडळींस एका मंडपाखालीं ठेवणें हें काम समितीचे सरचिटणीस एसेम जोशी यांचें. १९५७ सालीं ते स्वतः पुण्यांतूनच विधानसभेवर निवडून आले. समितींत दोन प्रकारच्या वाणी होत्या असें म्हणतां येईल. एक आचार्य अत्र्यांची. १५ नोव्हेंबर १९५६ रोजीं सुरू झालेल्या 'मराठा' दैनिकांतून आणि व्यासपीठावरून ती विनोदाचा आणि शिव्यांचा सारखाच वर्षाव करी. तिनें लोक हंसले, पेटले, हजारोंनीं गोळा झाले. तिनें कित्येक सभ्य माणसें विनाकारण घायाळ केलीं हेंहि खरें, आणि आमच्यासारख्या घरांतील वडील मंडळींस ती भाषा मुलांच्या कानीं पडूं नये असें वाटे तर त्यांत चूक नव्हती. दुसरी वाणी एसेमांची: संथ, घरगुती, अलंकारांचें वावडें असलेली. आम्हांस विचाराल तर अत्र्यांनीं सभा जिंकल्या आणि एसेमांनीं सभा सुटल्यावरचा दुसरा दिवस जिंकला. ३० नोव्हेंबर १९५७ रोजीं पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचें अनावरण करण्यास आले, तेव्हां समितीचे हजारों निदर्शक घाटांत उभे होते. एक दगड भिरकावला गेला असता तरी सारी चळवळ बदनाम झाली असती. तो गेला नाहीं. लोकांस चेतविणारे पुढारी महाराष्ट्रांत कधींच दुर्मिळ नव्हते. चेतलेल्या लोकांस हात न उचलतां उभें राहण्यास लावणारे फार थोडे झाले, आणि एसेमांची गणना आम्ही त्यांत करितों.

१ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालें आणि समितीची घोषणा सफळ झाली. सफळ झाली म्हणजेच संपली. प्रजासमाजवादी बाहेर पडले, घटकपक्ष आपापल्या घरीं गेले, आणि १९६२ च्या निवडणुकींत विधानसभेच्या २६४ पैकीं २१५ जागा यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसनें जिंकल्या. पुण्याची लोकसभेची जागाहि काँग्रेसचे शंकरराव मोरे यांजकडे गेली. पांच वर्षांपूर्वीं ज्यांस लोकांनीं खांद्यांवर घेतलें त्यांस लोक विसरले, अशी कृतघ्नतेची तक्रार तेव्हां ऐकूं येई. आम्हांस ती पटत नाहीं. मतदारानें एक काम सांगितलें, तें झालें, त्यानें पुढलें काम विचारलें. समितीपाशीं उत्तर नव्हतें, यशवंतरावांपाशीं पंचायत राज्य, साखर कारखाने, शाळा असें कांहीं तरी होतें. पुढें १९६७ सालीं पुण्यानें एसेमांस लोकसभेवर पाठविलेंच.

निशाण आणि शब्द यांच्या नात्याचें उलट उदाहरण मोहन धारिया यांचें. १९७१ सालीं ते इंदिरा गांधींच्या काँग्रेसतर्फें पुण्यांतून निवडून आले व केंद्रांत राज्यमंत्री झाले. १९७५ च्या मार्चमध्यें जयप्रकाश नारायण यांच्याशीं सरकारनें बोलणी करावींत असें उघडपणें म्हटल्याबद्दल त्यांस मंत्रिमंडळांतून काढण्यांत आलें. आणीबाणींत ते तुरुंगांत गेले. आणि १९७७ सालीं जनता पक्षाचे उमेदवार म्हणून त्याच पुण्यांतून पुन्हा निवडून आले. काकासाहेबांनीं निशाण राखलें आणि जागा गेली; धारियांनीं निशाण सोडलें आणि जागा राहिली. यावरून पक्ष बदलणें फायद्याचें असतें असा अर्थ कोणी काढील तर तो भलताच होईल. धारिया बोलले तेव्हां त्यांच्यापाशीं मंत्रिपद होतें आणि बोलण्यानें तें जाणार हें उघड होतें. पुण्यानें त्या बोलण्याची किंमत दोन वर्षांनीं मोजली.

आतां अलीकडे येऊं. कसबा पेठ हा मतदारसंघ आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा. कित्येकांचीं मूळ घरें तेथेंच. गिरीश बापट १९९१ च्या पोटनिवडणुकींत तेथें हरले, आणि पुढें १९९५ पासून लागोपाठ पांच वेळां तेथूनच विधानसभेवर गेले. त्यांच्या यशाचें रहस्य कोणत्याहि जाहीरनाम्यांत सांपडणार नाहीं. लग्नकार्यांत, दुखवट्यांत, कट्ट्यावर हा माणूस हजर असे, आणि विरोधी पक्षांतहि त्यांचे मित्र असत. क्विंटसानें भावास सांगितलेली विद्या ती हीच, फक्त येथें ती पाठ केलेली नव्हती. २०१९ सालीं लोकमान्यांच्या घराण्यांतील सून मुक्ता टिळक तेथून निवडून आल्या. डिसेंबर २०२२ मध्यें त्यांचें निधन झालें, आणि २६ फेब्रुवारी २०२३ रोजीं पोटनिवडणूक झाली.

भारतीय जनता पक्षानें टिळक घराण्याबाहेरचे हेमंत रासने यांस उमेदवारी दिली. ब्राह्मण समाजास डावललें अशी कुजबूज झाली, फलक लागले, एक अपक्षहि त्या मुद्द्यावर उभा राहिला. त्यास फारच थोडीं मतें पडलीं, हें आमच्या वाचकांनीं नीट पाहावें. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारें अकरा हजार मतांनीं विजयी झाले. प्रचारांत भाजपच्या एका ज्येष्ठ नेत्यानें 'हू इज धंगेकर' असा सवाल केला होता, आणि तोच सवाल निकालानंतर पुण्याच्या चौकांचौकांत विनोदाचा विषय झाला. प्रतिस्पर्ध्याचें नांव फुकट घरोघर पोंचविण्याचा याहून सोपा उपाय आमच्या ऐकिवांत नाहीं. बापट त्या वेळीं अत्यवस्थ होते. नाकांत प्राणवायूची नळी, चाकांच्या खुर्चीवर, अशा स्थितींत त्यांस प्रचारसभेस आणण्यांत आलें, आणि २९ मार्च रोजीं ते वारले. तें दृश्य पाहून पुष्कळ घरांत हळहळ झाली. मत मिळविण्यास तें उपयोगी पडलें असें निकालावरून तरी दिसत नाहीं.

कोणत्या घरांतून किती मतें कोठें गेलीं हें मतदानयंत्र सांगत नाहीं, आणि सांगूं नये. तरी आमचा तर्क असा कीं, 'तुम्ही आमचेच, जाणार कोठें' असा सूर एकदां ऐकूं आला कीं सुशिक्षित मतदार बिथरतो. आणि 'तुम्ही अमक्या जातीचे, म्हणून आमच्या मागें या' असें सांगणारा अपक्षहि त्यास तितकाच नको असतो. दोन्ही बोलण्यांत मतदाराच्या जन्माची दखल आहे, त्याच्या घरापुढच्या तुंबलेल्या गटाराची नाहीं. धंगेकरांचा जय मात्र टिकाऊ ठरला नाहीं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत मुरलीधर मोहोळ यांनीं त्यांस हरविलें, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कसब्यांत रासन्यांनींच त्यांचा पराभव केला, आणि २०२५ मध्यें त्यांनीं काँग्रेस सोडून शिंदे यांच्या शिवसेनेंत प्रवेश केला. दुचाकीवरून हिंडणारा, हांक मारल्यास येणारा माणूस, हा त्यांचा संदेश पोटनिवडणुकीपुरता पुरला. सबंध राज्याचें सरकार कोणाचें असा प्रश्न पुढें आल्यावर तो अपुरा पडला.

आतां या सर्वाहून निराळी अशी एक गोष्ट घडत आहे, आणि एकत्र कुटुंबांतील वाचकांस ती आम्ही मुद्दाम सांगूं इच्छितों. १९५७ सालीं समितीचा उमेदवार सदाशिव पेठेंत जें बोले तेंच त्यास लष्करांत बोलावें लागे, कारण सभा उघड्या मैदानावर होती आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्र सर्वांच्या हातीं पडे. कर्त्याच्या काळीं उमेदवार घरांतील एकाशींच बोलत असे. प्रौढ मताधिकारानें तो सर्वांशीं एकदम बोलूं लागला. आणि आतां मोबाइलमुळें तो घरांतील प्रत्येकाशीं वेगवेगळें बोलूं शकतो. आजोबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर इतिहासाचा अभिमान येतो, सूनबाईंच्या मोबाइलवर योजनेच्या पैशांचें वृत्त येतें, कॉलेजांत जाणाऱ्या नातवास नोकऱ्यांचें आश्वासन आणि विरोधकाची टिंगल करणारी चित्रफीत येते. मतदानापूर्वींच्या ४८ तासांत जाहीर प्रचार बंद ठेवावा असा कायदा आहे. खिशांतील यंत्र त्या ४८ तासांत गप्प बसतें असें आमच्या अनुभवास आलेलें नाहीं.

वेगळें राहणाऱ्या माणसास ही लबाडी कळण्याचा मार्ग नाहीं. एकत्र राहणाऱ्या घरास आहे. पुढील निवडणुकीच्या आधीं एका रविवारीं, पानें मांडून होईपर्यंत, सर्वांनीं आपापले मोबाइल ताटांशेजारीं उघडे ठेवावेत आणि एकाच उमेदवारानें सासूस काय कळविलें, सुनेस काय, आणि मुलास काय, हें मोठ्यानें वाचून दाखवावें. वरणभात निवला तरी चालेल.